मदत हवी आहे: सॉफ्टनरच्या ‘मऊ’ पाण्यात कार्डिनल टेट्रा तिसऱ्या दिवशी मरतात

नवा_टँक:
ठिकाण पुणे. टँक ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. वाळू-लाकूड वजा जाता साधारण ११० लिटर पाणी. चालू होऊन ५ महिने झाले. आत ४ मोली मासे आहेत, ठणठणीत. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०, तापमान २६.

१२ कार्डिनल टेट्रा (लाल-निळे छोटे मासे) आणले. पिशवी २० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, मग मासे सोडले. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी रंग फिका, कोपऱ्यात थांबून जोरजोरात श्वास. तिसऱ्या दिवसाअखेर ७ गेले. अंगावर डाग नाहीत, कापसासारखी बुरशी नाही, पंख फाटलेले नाहीत.

पाणी सोसायटीच्या बोअरचं आहे, पण सॉफ्टनर प्लांटमधून येतं. साबणाला फेस चांगला येतो, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) टेस्टमध्ये फक्त १ येतो. म्हणजे पाणी मऊच आहे ना? मग चुकलं कुठे? उरलेल्या ५ माशांचं काय करू? आणखी १० आणायचे आहेत.

गाळणी:
टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), केएच (बायकार्बोनेटचं प्रमाण, जे पीएच टिकवून धरतं) आणि पीएच सांगा. नळाचा आणि टँकचा वेगवेगळा. दुकानातल्या टँकचा टीडीएसही मोजून या, मीटर खिशात मावतो. त्याशिवाय जे सांगू ते अंदाजपंचे होईल.

नवा_टँक:
नळ: टीडीएस ६५०, जीएच १, केएच १५, पीएच ८.२. टँक: टीडीएस ६४०, बाकी सगळं जवळपास तेच. दुकानातला टँक: टीडीएस ९५, पीएच ६.६.

गाळणी:
उत्तर या आकड्यांतच आहे. सॉफ्टनर पाण्यातले क्षार काढत नाही, बदलतो. त्यातलं रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्या जागी सोडियम सोडतं. म्हणून फेस येतो, गीझरमध्ये पापुद्रे धरत नाहीत, जीएच शून्याजवळ दिसतो. पण एकूण क्षार तेवढेच राहतात. बायकार्बोनेटला तर रेझिन हातच लावत नाही, म्हणून केएच १५ आणि पीएच ८.२ जसाच्या तसा. शाळेत शिकलेलं सुफेन पाणी आणि माशाचं मऊ पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशाला फेसाशी देणंघेणं नाही, त्याच्या कल्ल्यांना एकूण क्षारांचं प्रमाण कळतं.

कार्डिनल मूळचा ब्राझीलच्या रिओ नेग्रो भागातला. तिथलं पाणी काळ्या चहासारखं, आम्लधर्मी आणि जवळजवळ क्षारविरहित. दुकानदाराने त्याला ९५ वर ठेवलं होतं, तुम्ही २० मिनिटांत ६४० वर नेलं. अंगातलं पाणी आणि क्षार यांचा तोल सांभाळणाऱ्या कल्ल्यांतल्या पेशींना नव्या पाण्याशी जुळायला काही दिवस लागतात. तोवर मासा तग धरतो, मग कोसळतो. म्हणून मरण पहिल्या तासात येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, आणि अंगावर काही दिसत नाही. पिशवी तरंगत ठेवल्याने फक्त तापमान जुळतं.

थेंबथेंब:
पुढच्या वेळी ड्रिप करा, २-३ तास. एअरलाइन नळीला सैल गाठ मारून टँकचं पाणी बादलीत थेंबथेंब सोडायचं. माझ्या मते याला पर्याय नाही.

गाळणी:
इथे मी सहमत नाही. हिशोब करून बघा. २० थेंब म्हणजे साधारण १ मिलिलिटर. सेकंदाला ४ थेंब सोडले तरी तासाला ७२० मिलिलिटर. पिशवीतलं १ लिटर पाणी दुप्पट व्हायलाच ८० मिनिटं लागतात, आणि तेव्हाही टीडीएस ९५ वरून ३७० च्या आसपास पोचलेला असतो. ९५ आणि १५० मधलं अंतर ड्रिपने नीट कापता येतं. ९५ आणि ६४० मधलं नाही, तीन तास लावले तरी नाही. पाणी आधी तयार करायचं, मासा नंतर आणायचा.

शिवाय पिशवी किती वेळ बंद होती यावर सगळं अवलंबून आहे. तासाभरात घरी आली असेल तर ड्रिप चालेल. पण चेन्नईच्या कोळथूर भागातून किंवा कोलकात्याहून पार्सलने २४-३० तासांनी आली असेल तर ड्रिप घातक ठरतं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे माशांनी सोडलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो. त्यात वरून ८.२ चं पाणी पडलं तर तोच अमोनियम विषारी अमोनिया होतो. २६ अंशांना पीएच ६.५ वर विषारी हिस्सा जेमतेम ०.२ टक्के असतो, ८.२ वर जवळजवळ ९ टक्के. चाळीसपटीहून जास्त. अशा वेळी तापमान जुळवा, पिशवी उघडताच मासे जाळीने उचला आणि पिशवीच्याच टीडीएस-पीएचला तयार ठेवलेल्या पाण्यात सोडा. दोन्ही बाबतींत पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

थेंबथेंब:
पार्सलच्या बाबतीत मान्य. स्थानिक दुकान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं.

देशी_बदाम:
आता उरलेल्या पाचांबद्दल. यांना घाईने मऊ पाण्यात टाकू नका. जास्त क्षारांतून एकदम कमी क्षारांत जाणं तर आणखी वाईट, कारण अंगात पाणी शिरतं. दर तिसऱ्या दिवशी १० टक्के, म्हणजे ११ लिटर पाणी बदला आणि भरताना निव्वळ आरओचं (प्युरिफायरने क्षार गाळून काढलेलं) पाणी घाला. आरओ ३० टीडीएस देत असेल तर पहिल्या बदलाला साधारण ६० उतरतील, पुढे उतार कमी होत जाईल. १० बदलांनी २४० च्या आसपास, १५ बदलांनी १५५. दीड महिना लागेल, लागू द्या. घरच्या प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असेल तर ३० ऐवजी ९०-१०० सुद्धा येतो, म्हणून आधी मोजा. केएच ३ वर आला की थांबा. नुसत्या आरओवर टँक चालवला तर केएच संपतो आणि पीएच कधीही धाडकन कोसळतो.

त्यानंतरच्या बदलांसाठी १ भाग बोअर, ४ भाग आरओ. १० लिटरला ४० लिटर. टीडीएस १५० च्या आसपास, केएच ३. मात्र बोअरचं पाणी सॉफ्टनरच्या *आधीच्या* नळाचं घ्या. प्लंबरला विचारा, प्लांटच्या अलीकडे कॉक असतोच. सॉफ्टनरचं घेतलं तर सोडियम मिळेल, माशाला आणि झाडांना लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळणार नाही.

मोलींची सोय वेगळी करा. त्या जड पाण्याच्या, १५० टीडीएसवर कुढत राहतील. दोघांना मध्ये कुठेतरी भेटवायला जाल तर दोन्ही नाखूश.

देशी बदामाचं वाळून गळलेलं पान घाला, ५० लिटरला १, फवारणी न झालेल्या झाडाचं, धुऊन. पण केएच १५ असताना पानाने पीएच उतरेल ही अपेक्षा नको. आधी केएच, मग पान.

आणि खडेमीठ टाकू नका, कुणीही सांगितलं तरी. २० लिटरला चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम मिठाने टीडीएस २५० ने चढतो. म्हणजे जो आजार आहे तोच वाढवायचा.

नवा_टँक:
डोक्यात प्रकाश पडला, मनापासून धन्यवाद. नवे १० मासे दीड महिन्यानंतरच आणायचे का?

गाळणी:
मुख्य टँकमध्ये हो. ३० लिटरचा प्लास्टिक टब वेगळा ठेवलात तर आधीही आणता येतील. आजच एक स्पंज फिल्टर मुख्य टँकमध्ये चालू करा, ४ आठवड्यांत त्यावर अमोनिया पचवणारे जीवाणू बसतील. मग तो टबात लावा. टबातलं पाणी दुकानाच्या आकड्याला तयार करा, ९५-१०० टीडीएसला. १ भाग बोअर, ८ भाग आरओ. वर झाकण हवंच, टेट्रा उड्या मारतात.

मासे आणले की दिवा बंद, पिशवी २० मिनिटं तरंगत, मग जाळीने टबात. त्या दिवशी खाणं नाही, दुसऱ्या दिवशी चिमूटभर. एक दिवसाआड ५ लिटर पाणी बदलायचं, आणि ते १ ला ४ च्या मिश्रणाचं. तीन आठवड्यांत टब आपोआप १५० जवळ येतो, म्हणजे सवय आणि क्वारंटाइन एकाच वेळी. या काळात पांढरे ठिपके किंवा तोंडाशी पांढुरकी कड दिसली तर उपचार टबातच होतात. आणि पाठीजवळ फिकट पट्टा, वाकडं पोहणं असं दिसलं तर निऑन टेट्रा डिसीजचा संशय घ्या. त्याला खात्रीचं औषध नाही, तो मासा मुख्य टँकमध्ये जाता कामा नये.

देशी_बदाम:
एक राहिलं. टँकमधली पांढरी खडी किंवा शिंपले असतील तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. फसफसलं तर काढून टाका, नाहीतर आरओ कितीही ओतलं तरी केएच परत चढत राहील.