मदत हवी आहे: अंदमानात जॉली बॉय, आई सोबत आहे

नमस्कार मंडळी, जानेवारीत आम्ही सोलापूरचे सहा जण अंदमानला निघालोय, त्यात एक अख्खा दिवस जॉली बॉयसाठी ठेवलाय. ते बेट महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्कात येतं, वंडूर जेट्टीवरून बोट सुटते, राहायला परवानगी नाही, सकाळी जाऊन दुपारी परत, एवढं माहितीये. आता खरा प्रश्न आईचा. वय ६८, गुडघे दुखतात, आणि बोट म्हणजे आजवर फक्त सिद्धेश्वर तलावातली. तिथं म्हणे मोठ्या बोटीतून छोट्या काचेच्या तळाच्या बोटीत उतरावं लागतं, तर ते तिला जमेल का, कुणी हात धरायला असतं का? तिला पाण्यात उतरायचं नाहीये, पोवळी नुसती काचेतून बघायचीत.

दुसरं म्हणजे प्लास्टिक बेटावर अजिबात चालत नाही आणि तिथं खायला काही मिळत नाही (नियम चांगलाच आहे, आपल्याकडं तलावाकाठी असा पाहिजे). कडक भाकरी आणि शेंगा चटणी स्टीलच्या डब्यात नेली तर चालते ना? पाण्याच्या बाटलीचं डिपॉझिट कुठं भरायचं? परमिट आधीच काढलेलं बरं की तिथं पोचून मिळतं, आणि जानेवारीत गर्दी किती असते? बोट लागू नये म्हणून काय करता तेही सांगा, आमच्या हिला तर एसटीत पण होतं.

एजंट काहीही सांगतात ओ, म्हणून जाऊन आलेल्यांनीच सांगा.