आई-अण्णांना पहिल्यांदाच मल्टिप्लेक्सला न्यायचंय, काय काय बघून ठेवू?

माणदेशची_लेक:
आई-अण्णा दिवाळीनंतर गावाहून पुण्याला येतायत. अण्णांचा सिनेमा म्हणजे पुसेगावच्या यात्रेतला तंबू. खाली पोतं टाकायचं आणि पडद्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं! आईचे गुडघे गेलेत, सरकत्या जिन्यावर ती पाय ठेवत नाही. अण्णांना शुगर आहे, शिवाय एका कानाला मशीन. मराठी पिक्चर दाखवायचाय. आमचे हे म्हणतात, शेवटच्या रांगेतले रिक्लायनर काढ, ऐसपैस बसतील. काढू का? घरचं खाणं नेता येतं का?

बॅटरीवाला:
ताई, हॉलचं दार कुठे उघडतं ते कळल्याशिवाय रिक्लायनर काढू नका. कॉलेजात असताना संध्याकाळी मी एका मल्टिप्लेक्सच्या दारावर तिकिटं बघायचो, अंधारात बॅटरी दाखवत लोकांना खुर्चीपर्यंत सोडायचो. पुष्कळ हॉलमध्ये दार खाली, पडद्याच्या बाजूला असतं. म्हणजे शेवटची रांग गाठायला सगळ्या पायऱ्या चढायच्या. त्यांना कठडा असेलच असं नाही, आणि इंटरव्हलला पुन्हा तीच चढउतार. अॅपवरच्या नकाशात खुर्च्या दिसतात, दार बहुधा दिसत नाही. खिडकीवर जाऊन विचारा, 'दारातून कमीत कमी पायऱ्यांची रांग कुठली?' त्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या घ्या. फक्त ती रांग अगदी पडद्याखाली नको, मान दुखते. अण्णा हट्ट धरतील, तरी नको. खिडकीवर काढलं की ऑनलाइनचा जादा आकारही वाचतो.

तिकिटावरच्या वेळेला पिक्चर सुरू होत नाही. आधी जाहिराती आणि ट्रेलर, तेही बराच वेळ. म्हणून लोक आरामात येतात. तुम्ही मात्र वेळेआधी जा, दिवे चालू असताना दोघं जागेवर बसलेली बरी. मॉलच्या दारात पिशवी तपासतात, वर थिएटरच्या दारात पुन्हा. अण्णांच्या खिशात तंबाखूची डबी असेल तर घरीच ठेवायला लावा, आमच्याकडे रोज टोपलीभर जमा व्हायच्या. मॉलला लिफ्ट असते, पण ती कुठल्यातरी कोपऱ्यात. गार्डला विचारलं की दाखवतो.

राष्ट्रगीताची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये काढली, पण आपल्याकडे लावतात आणि सगळे उभे राहतात. आईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे एकदम उठताना गुडघ्यात कळ यायची नाही.

चकली_आणि_चहा:
खाण्याचं सांगते. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरला आहे, जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तसं म्हटलंय. पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावंच लागतं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं पालकांना नेता येतं. पाण्याच्या बाटलीचे पैसे देऊ नका, नळ शोधा. तो पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर कधीच नसतो! शुगरवाल्यांसाठी मी बिस्किटाचा पुडा आणि डॉक्टरांची चिठ्ठी दारावरच दाखवते. आमच्या बाबांना अजून कुणी अडवलं नाही, बाकी तिथल्या माणसावर आहे.

शाल घ्याच. एसीत आईंचे गुडघे आणखी धरतील.

माणदेशची_लेक:
दादा, रिक्लायनर रद्द! कानाच्या मशीनचं काय करू? आणि मराठीचे शो एकतर सकाळी, नाहीतर रात्री साडेदहाला दिसतायत.

बॅटरीवाला:
सकाळचा घ्या. तिकीट बहुधा स्वस्त, गर्दी कमी, बाथरूमला रांग नाही. रात्रीचा शो सुटतो तेव्हा मॉलची दुकानं बंद झालेली असतात आणि कुठून तरी पार्किंगमधून बाहेर काढतात. आईंना तेवढं चालवू नका. मात्र सकाळच्या मराठी शोला तिकिटं खपली नाहीत तर तो रद्दही करतात (आपल्या मराठीची ही गत!), म्हणून निघायच्या आधी फोन करा.

मशीनचा आवाज ट्रेलरच्या आधीच कमी करायला सांगा. ट्रेलर पिक्चरपेक्षा कर्कश वाटतात. स्पीकर बाजूच्या भिंतींवरही असतात, म्हणून मशीनचा कान भिंतीकडे येणार नाही असं बसवा. उजव्या कानाला मशीन असेल तर पडद्याकडे तोंड केल्यावर डाव्या हाताच्या कडेची खुर्ची.

माणदेशची_लेक:
डाव्या कानाला आहे. म्हणजे उजवीकडची कड. उद्या ऑफिसातून येताना खिडकीवर विचारते.