स्क्रॅम्बलच्या बोर्डासाठी आयसी हवेत: एवाय-३-८९१०, २११४ आणि एक रंगाचा प्रॉम

नमस्कार मंडळी,

कोनामीच्या १९८१ च्या 'स्क्रॅम्बल' या आर्केड गेमचा मूळ बोर्ड गेले काही महिने माझ्या टेबलावर पडून आहे. 'मेम लाव आणि खेळ' (मेम म्हणजे जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) असं कोणी म्हणणार असेल तर तेही करून झालंय, पण डोकं या हिरव्या पाटीतच अडकलंय.

आधी काय केलं ते सांगतो, म्हणजे तेच प्रश्न परत यायला नकोत. हा बोर्ड १९८५ च्या जामाच्या (आर्केड बोर्डांच्या ठरावीक कनेक्टरच्या) आधीचा, त्यामुळे कनेक्टरसाठी स्वतःच अडॅप्टर बनवला. पाच व्होल्ट कनेक्टरवर नव्हे, थेट आयसीच्या पायांवर मोजले, ठीक आहेत. मुख्य प्रोसेसर झेड-८० ला ३.०७२ मेगाहर्ट्झचं घड्याळ मिळतंय, रिसेट सुटतोय, अॅड्रेस लाइन हलताहेत. प्रोग्रामचे आठही २७१६ (रॉम) काढून वाचले आणि त्यांचे सीआरसी (पडताळणीचे आकडे) मेमच्या यादीशी जुळवले. सात जुळले. आठव्याचे पाय काळे पडले होते, पेनच्या खोडरबरने घासल्यावर तोही जुळला. म्हणजे गेम चालतो, नाणं घेतो, खेळता येतो. दुखणी तीन आहेत.

पहिलं स्क्रीनवरच्या अक्षरांचं. जिथे काळी रिकामी जागा हवी तिथे सगळीकडे 'ए' छापलाय. स्कोअरच्या शून्यांच्या जागी एक. 'हाय' मधले दोन्ही 'एच' जाऊन 'आय' आलेत, 'स्कोअर' मधला 'आर' जाऊन 'एस' आलाय, बाकी अक्षरं जागच्या जागी. माझा संशय व्हिडिओ रॅमवर, म्हणजे २११४ च्या जोडीवर. दोन्ही थेट सोल्डर केलेले आहेत. एक चांगला २११४ आळीपाळीने दोघांच्याही पाठुंगळी बसवून पाहिला, काडीचा फरक नाही.

दुसरं आवाजाचं. काही आवाज येतात, काही अजिबात येत नाहीत. बोर्डावर आवाज काढणारे दोन एवाय-३-८९१० आहेत, दोन्ही सॉकेटमध्ये. एक गेला असावा असं धरून लिलावाच्या एका साइटवरून दोन मागवले. आले तेव्हा दिसायला एकदम टकाटक: पाय चकचकीत, छपाई ठसठशीत, वर जनरल इन्स्ट्रुमेंटचं चिन्ह आणि खाली डेट कोड ११४२. मी खूश. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला की ११४२ म्हणजे २०११ चा बेचाळिसावा आठवडा. जनरल इन्स्ट्रुमेंटचा हा विभाग १९८० च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोचिप होऊन वेगळा झाला. मग हे चिन्ह २०११ मध्ये कोणी छापलं? सकाळी कापसाच्या काडीवर अॅसिटोन घेऊन घासलं तर काडी काळीकुट्ट, आणि काळ्या रंगाच्या खालून दुसऱ्याच आकड्यांची पुसट ओळ वर आली. एक बोर्डात लावून पाहिला, मख्ख बसून राहिला. दुसरा लावायची हिंमत झाली नाही.

तिसरं रंगाचं. ३२ बाइटचा छोटा प्रॉम (एकदाच भरता येणारी मेमरी), ८२एस१२३, रंग ठरवतो. सॉकेटमधून काढताना त्याचा एक पाय मुळापाशी तुटला. चूक सर्वस्वी माझी, स्क्रूड्रायव्हर एकाच बाजूने घातला.

तर हे आयसी खात्रीचे कुठून मिळवावेत? दुसऱ्या नंबरचं काय चालतं आणि काय चालत नाही? तीनही एकदम मागवायच्या बेतात आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

मागवायची घाई करू नका. तुमच्या अक्षरांमध्येच निम्मं उत्तर आहे.

या बोर्डात अंकांचे कोड शून्यापासून सुरू होतात, रिकाम्या जागेचा सोळा, 'ए' चा सतरा, आणि पुढे ओळीने. रिकामी जागा 'ए' झाली, म्हणजे सोळाचे सतरा. 'एच' चोवीस, त्याचा पंचवीस म्हणजे 'आय'. शून्याचा एक. जे आधीच विषम ते जागेवर राहिले. म्हणजे सर्वात खालचा एक बिट कायमचा १ ला चिकटलाय, बाकीचे सात शहाणे आहेत. २११४ मध्ये १०२४ जागा आणि प्रत्येक जागी चारच बिट, म्हणून ते जोडीने लावतात. तेव्हा रॅम दोषी असलीच तर खालचे चार बिट सांभाळणारी एकच. दुसरीला हातही लावू नका.

आता तुमचा पाठुंगळीचा प्रयोग. जुना आयसी आतून तुटून गप्प बसला असेल तरच वरचा आयसी त्याचं काम करू शकतो. जुना जर बिट जोरात वर ओढून धरत असेल तर नवा त्याच्याशी भांडून हरतो. म्हणून 'फरक नाही' यावरून रॅम सुटली असंही नाही आणि सापडली असंही नाही.

२११४ च्या डेटाचे पाय ११ ते १४. सर्किटवरून खालचा बिट कोणत्या पायावर आहे ते बघा आणि तिथे लॉजिक प्रोब (लाइन हलतेय का ते दिव्यांनी दाखवणारी लेखणी) लावा. तिथेच लाइन मेलेली असेल तर रॅमकडे बोट. तिथे हलतेय, पण ग्राफिक्सच्या रॉमच्या अॅड्रेसच्या पायावर मेलेली आहे, तर मधला कोणीतरी गेलाय.

रॅम लागलीच तर जुन्या मेलेल्या बोर्डांवरून उतरवलेला २११४ मी नव्या कोऱ्या दिसणाऱ्यापेक्षा बरा समजतो. त्याच्या पायांना कथिल लागलेलं असतं, म्हणजे तो कधीतरी कुठेतरी कामाला होता. छापल्यापेक्षा वेगवान चालतो, हळू चालत नाही. २०० नॅनोसेकंदाचा मिळाला तर विचार करू नका.

प्रतिसाद २

८९१० बद्दल. यामाहाचा वायएम२१४९ पायाला पाय जुळतो. फक्त २६ नंबरचा पाय बघा. ८९१० मध्ये तो चाचणीपुरता, मोकळा सोडायचा. २१४९ मध्ये तोच पाय जमिनीला गेला तर आतलं घड्याळ निम्मं होतं आणि सगळे आवाज एक सप्तक खाली येतात, रॉकेट रेड्यासारखं ओरडतं. बोर्डावर तो मोकळा असेल तर काहीच करायचं नाही, आतच पुलअप (पाय वर ओढून धरणारा रेझिस्टर) आहे.

८९१३ घेऊ का, असं पुढे विचाराल म्हणून आधीच सांगतो. २४ पायांचा आहे, अडॅप्टर लागेल, पण खरी अडचण दुसरी. ८९१० ला आवाजाशिवाय आठ-आठ बिटांचे दोन पोर्ट असतात आणि स्क्रॅम्बलमध्ये ते वापरलेत. मुख्य प्रोसेसरने पाठवलेला 'हा आवाज काढ' हा हुकूम आवाजाचा झेड-८० एका एवायच्या पोर्टवरूनच वाचतो, आणि दुसऱ्या पोर्टवरून वेळ मोजतो. ८९१३ ला पोर्ट नाहीत. त्या जागी तो लावलात तर बोर्ड बहिराच होईल. दुसऱ्या एवायचे पोर्ट रिकामे आहेत, तिथे चालेल.

आणि दोन्ही सॉकेटमध्ये आहेत तर फुकटची परीक्षा का नाही घेत? अदलाबदल करा. गायब आवाज बदलले तर आयसी गेलाय. तेच आवाज गायब राहिले तर एवाय निर्दोष, पुढचे आरसी फिल्टर (आवाज गाळणारे रेझिस्टर-कपॅसिटर) आणि त्यांचे स्विच तपासा.

प्रतिसाद ३

खोटे आयसी ओळखायचं थोडं. अॅसिटोनने नुसती पांढरी अक्षरं पुसली गेली तर घाबरू नका, जुनी शाईची छपाई खऱ्या आयसीवरूनही जाते. अंगाचा काळा रंग सुटला तर मात्र तो रंगवलेला. साच्यातून आलेला तो छोटा गोल खड्डा बोटाने चाचपा: खऱ्याचा तळ गुळगुळीत आणि कड स्पष्ट, घासून रंगवलेल्याचा भरून आलेला. एकाच पाकिटातल्या सगळ्यांवर एकच डेट कोड आणि पोटावर वेगवेगळ्या देशांची नावं, हेही लक्षण.

झेड-८० चंही आता तेच होणार. झायलॉगने एप्रिल २०२४ मध्ये सुटा झेड-८० बंद करत असल्याचं जाहीर केलं, शेवटच्या ऑर्डरी जून २०२४ पर्यंत घेतल्या. तुमचा चालतोय तर एखादा सीमॉसवाला (कमी वीज खाणारा प्रकार) जोडीला ठेवून द्या, या बोर्डांत सहसा बिनतक्रार चालतो.

प्रतिसाद ४

प्रॉम फेकला तर नाही ना? पाय तुटला तरी आतली धातूची पट्टी तिथेच असते. बारीक ग्राइंडरच्या टोकाने, नाहीतर सुईच्या कानशीने, पायाच्या जागेचं काळं प्लास्टिक थोडं थोडं खरवडा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत चकाकी दिसेल. तिथे फ्लक्स, कथिलाचा ठिपका, आणि रेझिस्टरचा कापलेला पाय डाख देऊन जोडा. मग आयसी थेट बोर्डाच्या सॉकेटमध्ये न खुपसता नव्या सॉकेटमध्ये कायमचा बसवा आणि ते सॉकेट बोर्डात लावा. त्या पायावर पुन्हा जोर येता कामा नये.

नाहीच जमलं तर ७४एस२८८ शोधा, तोच आयसी दुसऱ्या नावाने. ७४एस१८८ घेऊ नका, तो ओपन कलेक्टर, म्हणजे लाइन नुसती खाली ओढतो, वर नेत नाही. मात्र हे प्रॉम आत फ्यूज जाळून भरतात, साधा प्रोग्रामर ते करत नाही, आणि चुकीचा बिट जाळला तर परत फिरणं नाही. म्हणून हल्ली लोक जीएएल१६व्ही८ (पुन्हा पुन्हा भरता येणारा लॉजिक आयसी) भरून छोट्या अडॅप्टरवर बसवतात. पाच इनपुट, आठ आउटपुट, अगदी पुरतं. प्रत्येक आउटपुटला सात-आठच टर्म (लॉजिकच्या अटी) मिळतात, त्यामुळे कुठलाही ३२ बाइटचा तक्ता मावेलच असं नाही, पण रंगाच्या तक्त्यात शून्यं भरपूर असतात. करून बघा.

प्रतिसाद ५

टीटीएल (७४ मालिकेतले साधे लॉजिक आयसी) बदलायची वेळ आली तर एक सूचना. ७४एलएसच्या जागी ७४एचसी लावू नका. एलएस दोन व्होल्टला 'एक' समजतो, पाच व्होल्टवरच्या एचसीला साडेतीनच्या आसपास लागतात. टेबलावर चालतो, कॅबिनेटमध्ये गरम झाला की लहरीपणा करतो, आणि आपण आठवडाभर रॅम बदलत बसतो. एचसीटी बहुतेक ठिकाणी चालतो. पण साधे एलएस टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स अजून बनवते, अधिकृत वितरकाकडून तेच घ्या. लिलावात टीटीएल शोधत बसू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, काल रात्री दोनपर्यंत बसलो होतो.

प्रतिसाद १ ला साष्टांग. रॅमच्या पायावर खालचा बिट छान हलतोय. ग्राफिक्सच्या २७१६ च्या अॅड्रेसवर मेलेला. मधल्या एका एलएस आयसीचं इनपुट जिवंत, आउटपुटवर प्रोबचा ना लाल दिवा ना हिरवा. पाय कापून काढला, सॉकेट लावलं, एका मेलेल्या बोर्डावरचा तसाच आयसी बसवला. चालू केल्यावर 'हाय स्कोअर' नीट उमटलं आणि मागे चक्क काळोख. २११४ ची ऑर्डर रद्द.

प्रॉमचा पाय खरवडून जोडला. पहिल्या प्रयत्नात शेजारचा पायही थोडा उघडा पडला, पण चिकटला नाही. ३२ बाइट वाचून मेमच्या फाइलशी जुळवले, जुळले. तरी जीएएलचा अडॅप्टर बनवतोच, याच्यावर माझा भरवसा नाही.

एवायची अदलाबदल केली तर सगळेच आवाज बंद. म्हणजे गेलेला आता हुकूम वाचायच्या जागी आलाय आणि त्याचे पोर्टही गेलेत, असं समजू ना? २६ नंबरचा पाय मोजला, दोन्ही सॉकेटमध्ये मोकळा आहे. कोणाकडे मेलेल्या बोर्डावरून उतरवलेला खरा ८९१० किंवा २१४९ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चकचकीत पायांचा नको.