शब्दचर्चा : न लावता उगवलेल्या रोपाला काय म्हणायचं?

प्रश्न (राजापूर)
मृगात परड्यात भेंडी नि काकडी लावली. वाफ्यात दोन अनोळखी रोपंही आली आहेत. गायरीच्या, म्हणजे शेणखताच्या खड्ड्याच्या, कडेला एक वेल आहे. आधी दोन जाड, गुळगुळीत दलं होती, आता मऊ लव असलेलं पान फुटलंय. दुसरं ताठ, पानं जोडीजोडीनं. शेजारच्या काकी म्हणतात, "तण ते, बेणून टाक." सासूबाई म्हणतात, "आपसूक रुजलंय, असूं दे." 'रानटी' म्हणायला जीभ वळत नाही, वेलाचं बी आमच्याच स्वयंपाकघरातून गायरीत गेलं असणार. नेमका शब्द कोणता?

उत्तर (गुहागर)
ताई, आधी काकींच्या 'तण'बद्दल. ते कुठल्या झाडाचं नाव नव्हे. नको त्या जागी उगवलं की तण, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं ताठ रोप टाकळा असावा. एका देठावर पानांच्या तीन जोड्या आहेत का बघा. दिवेलागणीला त्या मिटतात आणि पान चोळलं की उग्र वास येतो. कोवळा असेपर्यंत आम्ही त्याला भाजी म्हणतो आणि ओलं खोबरं घालून खातो. पिवळी फुलं येऊन लांब बारीक शेंगा धरल्या की तोच टाकळा तण होतो. झाड एकच, महिन्या-दीड महिन्यात शब्द बदलतो. कुर्डूचंही तेच. टाकळ्याचं संस्कृत नाव चक्रमर्द, चक्र म्हणजे नायटा, त्याला मोडणारा. ज्याला औषधाचं नाव मिळालंय, त्याला सरसकट तण म्हणणं मला खटकतं.

उत्तर (वेंगुर्ले)
वेलासाठी मी 'पडीचं' सुचवेन. झाडावरून आपणहून गळलेला तो पडीचा आंबा, पडीचा नारळ. तसं बी पडून आलेलं ते पडीचं रोप. कानाला ओळखीचं आहे, मुद्दाम घडवलेलं वाटत नाही.

'रायवळ'ही मनात आला होता. कलम न बांधता बाठ्यापासून वाढलेला आंबा तो रायवळ. पण रायवळ मुद्दामही लावतात आणि भाजीला तो शब्द कोणी लावत नाही. तरी त्यातली एक गोष्ट इथे कामाची आहे. रायवळाचं फळ आईसारखंच निघेल याची खात्री नसते, आणि पडीच्या वेलाचंही तसंच. भुंगे-मधमाश्या या फुलाचे परागकण त्या फुलावर नेतात. म्हणून पहिलं कोवळं फळ निघालं की कच्च्याचाच एक कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागलं तर थुंका आणि फळ टाकून द्या. साखर-गूळ घालून खाऊ नका. तो कडवटपणा कुकुरबिटासिनचा, म्हणजे भोपळ्या-काकडीच्या जातीच्या वेलांतल्या विषारी द्रव्याचा, शिजवूनही जात नाही आणि जिवावर बेतू शकतो.

प्रश्नकर्ती (राजापूर)
काल दिव्याच्या वेळी पानं बघून आले. तीन जोड्या, मिटलेल्या. टाकळाच. सासूबाईंनी आज खुडला.

वेल ठेवलाय, मांडवाला दोरी बांधून दिली. फूल पांढरं निघून संध्याकाळी उमललं तर दुधी, पिवळं निघून सकाळी उमललं तर लाल भोपळा, असं काकी सांगतात. त्याही आता 'पडीचा' म्हणू लागल्यात.