सातवीच्या मुलीने ‘कोएफिशंट’ शिकावं की ‘सहगुणक’?

गंगापूररोडवाली
लेक सातवीत, सेमी इंग्रजी. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. परवा बैजिक राशींचा अभ्यास घेत होते. प्रश्न होता, ‘उणे एक्स’ या पदाचा कोएफिशंट सांगा. ती म्हणाली, नाहीये. का नाही? तर “एक्सच्या आधीचा नंबर म्हणजे कोएफिशंट, इथे नंबरच नाही.” शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यात. न बघता म्हणाल्या, “सहगुणक विचारतायत ना? मग एक्सला कशाने गुणलंय ते बघ.” पोरगी दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, “उणे एकने.” एवढंच झालं.

नंतर कोनांच्या जोड्या. कॉम्प्लिमेंटरी 90 आणि सप्लिमेंटरी 180 यात तिचा हमखास गोंधळ. क्लासच्या ताईंनी युक्ती दिलीय, सी फॉर कॉर्नर, एस फॉर स्ट्रेट. युक्ती आठवली तर ठीक, नाही तर छापा-काटा. आजींनी कोटिकोन आणि पूरककोन सांगितलं, तेव्हापासून चूक नाही.

माझं मत सरळ आहे. आठवीपर्यंत मराठी शब्द आधी, इंग्रजी शब्द सोबत. आमच्याकडे मराठी शब्द वर्गात उच्चारलेही जात नाहीत. तुमच्याकडे?

उदगीर पॅसेंजर
ताई, तुमची आजी छान, पण आजी अकरावीला सोबत येत नाही.

मी दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम. गणितात 150 पैकी किती वगैरे सांगत नाही, चांगले होते. 2003 ला लातूरला सायन्सला गेलो. पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, पर्पेंडिक्युलर बायसेक्टरचं इक्वेशन काढा. लंबदुभाजक मला झोपेतही काढता येत होता. पण त्याच गोष्टीला हे असं म्हणतात हे कळेपर्यंत शेजारच्याचं उत्तर लिहून झालं होतं. दिवाळीपर्यंत मी तोंड उघडलं नाही. गणित येत होतं, शब्द येत नव्हते, आणि वर्गाच्या लेखी त्या दोन्हींचा अर्थ एकच. जो शब्द शेवटी लागणार आहे तो पहिल्यापासून द्या. मधला थांबा कशाला?

गंगापूररोडवाली
मी ‘सोबत’ म्हटलंय, ‘ऐवजी’ नाही. तुम्हाला दोन्ही शब्द दिले असते तर दिवाळीपर्यंत गप्प बसावं लागलं असतं का?

उदगीर पॅसेंजर
सोबत म्हणजे एका धड्याला दुप्पट पाठांतर. आठवीत तर एका धड्यात छेदिका, संगतकोन, व्युत्क्रमकोन, आंतरकोन असे चार शब्द एकदम अंगावर येतात. त्याचे आठ करणार.

तिरपा कोन
मला मूळ उदाहरणच पटलं नाही. सहगुणक मान्य, फोड केली की अर्थ हातात. पण कोटिकोन? सातवीच्या मुलाला ‘कोटी’ म्हणजे शंभर लाख. नववीत बहुपदीची ‘कोटी’ येते, ती म्हणजे चलाचा सर्वांत मोठा घातांक. आणि पुण्यात कोणी ‘कोटी केली’ म्हटलं की तो विनोद झाला. एका शब्दाने किती संसार करायचे? आजींनी सांगितलं म्हणून पाठ झालं एवढंच. सी फॉर कॉर्नरसारखंच पाठांतर, फक्त घरचं.

त्यात आणखी एक. आमचं कुटुंब बदलीमुळे इंदूरला होतं. हिंदी पुस्तकात बेरीज 90 असेल तर ‘पूरक’ आणि 180 असेल तर ‘संपूरक’. मराठीत पूरक म्हणजे 180. माझ्या भाच्याने मराठी पूरक हिंदी पेपरात वापरला आणि दोन गुण गेले. मातृभाषेचं इतकं कौतुक असेल तर आधी या दोन बहिणींनी आपसात ठरवून घ्यावं.

खडूवाली
उच्च प्राथमिकला गणित शिकवते, तालुक्याच्या गावात. तिरपा कोन यांचा कोटीवरचा आक्षेप बरोबर आहे, पण इंग्रजी डिग्रीही काही एकटी राहत नाही. कोनाची डिग्री, बहुपदीची डिग्री, तापाची डिग्री, कॉलेजची डिग्री. मराठी ‘अंश’ तर कोनालाही आणि अपूर्णांकाच्या डोक्यावरही. ‘कंस’ वर्तुळाचाही आणि पदावलीतलाही. पोरं हसतात, मग लक्षात ठेवतात.

माझा मुद्दा समभुज चौकोनाचा आहे. सेमीच्या वर्गात ‘ऱ्होंबस’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यासमोर पत्त्यातला चौकट येतो, टोकावर उभा. मग चौरस काढून विचारायचं, हा ऱ्होंबस आहे का? एका सुरात, नाही! तोच प्रश्न मराठी तुकडीत विचारला, “हा समभुज चौकोन आहे का?” एक मुलगी पट्टी घेऊन उठली, चारही बाजू मोजल्या आणि म्हणाली, “नावातच आहे की, बाई.” व्याख्या नावात बसलेली असेल तर मूल चित्रात अडकत नाही. मी दोन्ही तुकड्यांना आधी शंकरपाळं दाखवते, कर्ण दुमडून घ्यायला लावते (कागदाचं, खऱ्याचे तुकडे होतात आणि मग तास संपतो), नाव शेवटी.

सगळे शब्द असे नाहीत, हेही सांगते. ‘महत्त्वमापन’ ऐकून आजवर एकाही मुलाला वाटलेलं नाही की यात शंकूचं घनफळ काढायचंय. आणि एकरूप (काँग्रुअंट) व समरूप (सिमिलर) यातला घोळ तर मराठीचीच देणगी. हिंदीवाल्यांनी एकरूपला ‘सर्वांगसम’ म्हटलं, ते जास्त चांगलं आहे. ते आपण घ्यायला हवं होतं.

तिरपा कोन
मग इंग्रजीच्या बाजूने एक घ्या. ‘स्क्वेअर’ हा आकारही आणि एक्सचा स्क्वेअरही. एक्स बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ म्हणजे एक्स स्क्वेअर, हे शब्दातच दिसतं. आपण ‘चौरस’ वेगळा आणि ‘वर्ग’ वेगळा करून हा धागा तोडून टाकला. मुलांना वर्ग म्हणजे सातवी ब.

खडूवाली
हा मात्र मान्य. म्हणूनच ‘अ अधिक ब’च्या वर्गाचं विस्तारसूत्र चौरस कापूनच शिकवावं लागतं, नाहीतर ‘दोन अ ब’ कुठून आले ते कळत नाही.

पाटणादेवी
तिरपा कोन, कोटी हा शब्द पाठांतराचा नाही, थोडं मागे जावं लागतं एवढंच. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, कंस म्हणजे वाकलेला भाग, कोटी म्हणजे धनुष्याचं टोक. आपल्याकडे अर्ध्या जीवेला ज्या म्हणू लागले. ज्योतिषग्रंथांतली ही ‘जीवा’ अरबीत ‘जीबा’ झाली, ती ‘जैब’ अशी वाचली गेली, जैब म्हणजे अंगरख्याचा गळा किंवा खिसा, त्याचं लॅटिन ‘सायनस’ आणि त्याचा आजचा ‘साइन’. कोटिकोनाची ज्या ती कोटिज्या, म्हणजे कोसाइन. 35 चा कोसाइन आणि 55 चा साइन सारखे का, याचं उत्तर त्या ‘कोटी’त आहे, आणि कोसाइनमधल्या ‘को’तही तेच आहे. नववीत त्रिकोणमिती येते तेव्हा हे कोणी सांगत नाही.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये अज्ञात राशींना यावत्-तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं दिली. दुसरं अज्ञात काळं, तिसरं निळं, चौथं पिवळं. आजच्या पहिलीच्या मुलालाही कळेल.

उदगीर पॅसेंजर
आले भास्कराचार्य. मी वाटच बघत होतो.

साहेब, त्यांचा अभिमान मलाही आहे, चाळीसगावजवळ त्यांच्या पाटणला मीही जाऊन आलोय. पण आज मराठी माध्यमाच्या पुस्तकातही त्रिकोण अबक नाही, एबीसी आहे. अक्षरं तिकडची घेतलीच आहेत, मग फक्त शब्दांवरच सोवळं का? आणि 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ठ’च्या जोडीला ‘साठ तीन’ दिलं तेव्हा काय झालं? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की पोरांना सोपं जातं, आणि हीच भाषाप्रेमी मंडळी तुटून पडली. पोरांच्या सोयीसाठी भाषा असते तर तेव्हा गप्प का नाही बसलात?

पाटणादेवी
मी तेव्हाही ‘साठ तीन’च्याच बाजूने होतो. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

सातपुड्याची पायरी
एक बाजू कोणी मांडलीच नाही. मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेवर आहे. माझ्या मुलांच्या घरात भिली बोलतात. त्यांच्यासाठी ‘समलंब’ आणि ‘ट्रॅपेझियम’ दोन्ही परकेच. ‘मातृभाषेतला शब्द’ म्हणताना तुम्ही कोणाची माता धरताय? मी त्रिकोणाच्या मध्यगा शिकवताना पुठ्ठ्याचा त्रिकोण पेन्सिलीच्या टोकावर तोलायला लावतो. तोलला की त्या बिंदूला आधी त्यांचं नाव, मग मध्यगासंपात, मग सेंट्रॉइड. वेळ जातो. पण आमच्याकडे कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ असलेली मुलं भागाकार आधी की गुणाकार यावर भांडतात, कारण दोन्ही आले की डावीकडून उजवीकडे जायचं हे त्या शब्दात नाहीच. त्याच्या इंग्रजी भावंडात, बॉडमासमध्येही नाही.

न्यू जर्सीची वाडी
लांबून एक टिपण. इथे माझ्या मुलाला शाळेत ट्रॅपेझॉइड म्हणतात. भारतातून आणलेल्या पुस्तकात तोच आकार ट्रॅपेझियम. ‘जागतिक शब्द’ म्हणतात तो हाच असावा.

गंगापूररोडवाली
तिरपा कोन, कोटिकोनाचं उदाहरण मी कमजोर निवडलं, मान्य. उदगीर, तुमचं अजून पटत नाही, पण ती दिवाळीपर्यंतची गप्प बसण्याची गोष्ट डोक्यातून जात नाही. वहीत दोन रकाने करतेय, डावीकडे लंबदुभाजक, उजवीकडे पर्पेंडिक्युलर बायसेक्टर, मध्ये आकृती. लेकीने आधीच तिसरा रकाना काढलाय, तिच्या स्वतःच्या नावांचा. त्यात ऱ्होंबससमोर लिहिलंय, ‘थकलेला चौरस’.

खडूवाली
तो रकाना खोडू नका. आणि एकदा विचारा, मग समांतरभुज चौकोनाला काय म्हणते.

गंगापूररोडवाली
विचारलं. ‘थकलेला आयत’.