एकांकिकेसाठी नवीन भाषा बनवतोय, उच्चार कसे ठरवू? मदत हवी आहे

मंडळी, आमच्या ग्रुपची एकांकिका बसतेय, त्यात एका बेटावरची माणसं आहेत आणि त्यांची भाषा जगात कुठलीच नसलेली हवीये. लेखक मीच, म्हणून हेही माझ्याच गळ्यात. शब्द, व्याकरण नंतर बघू, आधी आवाज फायनल करायचेत आणि तिथेच घोडं अडलंय.

सध्या महाप्राण (ख, घ, भ वगैरे) सगळे कटाप, ट ड ण ळ पण कटाप, कारण ते आले की लगेच आपल्याकडचं वाटतं. च पण काढला, स्क्रिप्टमध्ये च दिसला की एक जण चहातला म्हणतो, दुसरा चाकातला. उरले प त क म न ल स व ह आणि पाच स्वर. कमी पडतील असं नाही वाटत, हवाईयन भाषा 8 व्यंजनांवर चालते. जोडाक्षर नाही, जोर कायम शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत असतो तसा, म्हणजे 'मालेको' मध्ये 'ले' वर.

कागदावर भारी वाटतं हो, पण तालमीत पोरं बोलायला लागली की हेल तोच, आपला मराठी! त्यात उरणचा एक आगरी मित्र म्हणतो ण नाही ळ नाही, मग ही आमचीच की, आम्ही पानी आणि डोलाच म्हणतो :D

मग उल्हासनगरच्या मैत्रिणीच्या आजीकडून एक भन्नाट आवाज मिळाला. सिंधीत 'ॿकरी' म्हणताना पहिला ब आपल्यासारखा बाहेर फुटत नाही, ओठ मिटलेले असताना घसा किंचित खाली जातो आणि आवाज आत ओढल्यासारखा येतो. असे चार आहेत त्यांच्यात, देवनागरीत अक्षराखाली रेघ मारून लिहितात, ॻ ॼ ॾ ॿ. मला हा ब प्रचंड आवडलाय, पण माईक नाही, शेवटच्या रांगेत तो साधा बच ऐकू येणार अशी भीती आहे. (आफ्रिकेतल्या खोसा भाषेतले क्लिक, म्हणजे जिभेने काढलेले टक-टक आवाज, प्लीज सुचवू नका, ट्राय केले, आमचा हिरो पालीसारखा चुकचुकतो.)

त्यामुळे आता वाटतंय नवे आवाज आणण्यापेक्षा नियम आणावा, तुर्कीत आहे तसा, घर म्हणजे एव्ह तर घरं एव्हलेर, पण घोडा आत तर घोडे आत्लार, म्हणजे मूळ शब्दातल्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलतो. नटांना पाठ करायला सोपं आणि कानाला एक वेगळी लय.

तर विचारायचंय हे की असा नियम पहिल्यांदाच ऐकणाऱ्या प्रेक्षकाला जाणवतो का, की तो फक्त आम्हालाच कळणार? आणि मुख्य म्हणजे मराठी हेल मोडायचा कसा? जोर पहिल्या अक्षरावर नेला तर फरक पडेल का? नाटकात किंवा डबिंगमध्ये काम केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, आणि उदाहरण देताना देवनागरीतच द्या, ते आयपीए चार्ट (उच्चार लिहायच्या आंतरराष्ट्रीय चिन्हांचे तक्ते) बघून आमची पोरं पळून जातील.