मॉडेलच्या प्लॅस्टिकवरचा रंग कसा काढावा?

प्रश्न (वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या गावातून): १/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मिग-२१ लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या पंखांवर ॲक्रिलिक रंग जाड बसला, पॅनलच्या रेषा (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या बारीक खाचा) बुजल्या. गावात फक्त एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचं) मिळते. चालेल काय जी?

उत्तर १: थिनर अजिबात नको भाऊ. त्यातले टोल्युइनसारखे द्रावक पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिकच, विरघळवतात. तालुक्याला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा, ९९ टक्क्यांचं. झाकणाच्या डब्यात भाग अर्धा तास बुडवा, मऊ टूथब्रशनं रेषेच्या दिशेनं घासा. एका दमात निघत नाही; पुन्हा बुडवा, पुन्हा घासा. कॉकपिटचं पारदर्शक झाकण मात्र त्यात टाकू नका, बारीक तडे जातात.

उत्तर २: खाली इनॅमल (तेलकट रंग) असेल तर अल्कोहोल पुरत नाही. तिथं तपकिरी डेटॉल, पाणी न मिसळता, रात्रभर. हातमोजे घालाच. बाहेर काढल्यावर लगेच पाणी लावलं की सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होऊन रेषांत बसतो, आणि तो काढणं फार कठीण. म्हणून आधी ताज्या डेटॉलमध्येच घासून घ्या, मग भांड्याचा साबण. सुपरग्लूचे सांधे सुटू शकतात, तयारी ठेवा.

उत्तर ३: अल्कोहोल चुलीपासून लांब, हवेशीर जागी वापरा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात भाग उन्हात वाळवू नका, पातळ पंख वाकतात. सावलीच बरी.